चार औषधं, सहा महिने

पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एकेकाळी स्ट्रेप्टोमायसिन तयार होत असे. क्षयावरचं हे पहिलं प्रभावी औषध. पण ते एकटंच दिलं, की काही महिन्यांत जंतू त्याला दाद देईनासे होतात, हे ब्रिटनमधल्या 1948च्या चाचणीतच उघड झालं. म्हणून क्षयावर औषधं जोडीनं देतात.

रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधालाही न जुमानणाऱ्या क्षयासाठी केंद्र सरकारनं सप्टेंबर 2024मध्ये ‘बीपीएएलएम’ या चार औषधांच्या उपचारपद्धतीला मंजुरी दिली. बेडाक्विलिन जंतूची ऊर्जानिर्मिती तोडतं, प्रेटोमॅनिड पेशीभित्तिकेवर घाव घालतं, लिनेझोलिड प्रथिनं बनू देत नाही, मॉक्सिफ्लॉक्सासिन डीएनएची नक्कल रोखतं. पूर्वी 20 महिन्यांपर्यंत रेंगाळणारे उपचार त्यामुळे 6 महिन्यांवर आले.

मात्र लिनेझोलिडनं तळपायांना मुंग्या येऊ शकतात, रक्तपेशी घटू शकतात. बेडाक्विलिन चालू असताना अधूनमधून ईसीजी काढावा लागतो.

हा आजार कामाच्या जागीही गाठू शकतो. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या फाउंड्रींमध्ये साच्याच्या वाळूतली सिलिका धूळ छातीत जाते. त्या धुळीनं सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार झालेल्यांना क्षयाचा धोका कितीतरी जास्त. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर शिफ्टची सबब न सांगता थुंकी तपासून घ्या. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत तपासणी व औषधं मोफत आहेत.