नोटीस येण्याआधीचा सातबारा

इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ भादलवाडीच्या शिवारात कागदाचा मोठा कारखाना आहे. नव्वदच्या दशकात तो उभा केला इंडोनेशियाच्या सिनार मास समूहाने आणि 2001 मध्ये तो बल्लारपूर इंडस्ट्रीजने घेतला. त्याच भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाक घरटी बांधतात, हे पक्षीप्रेमींना ठाऊक असतं. गाव तेच, शिवार तेच. पण तिथल्या जमिनीचा भाव ठरवणारे लोक हजारो किलोमीटरवरून आले.

खुद्द इंडोनेशियात, जकार्ताच्या पूर्वेला करावांग नावाचा भाग आहे. जावा बेटाचं भाताचं कोठार म्हणून त्याची ओळख. आज तिथे खाचरांना लागून मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने आहेत. तिथल्या खेड्यांत कितीतरी घरांकडे जमिनीचा पुरावा म्हणून ‘गिरिक’ असायचं, म्हणजे जुनी सारापावती. कर भरल्याचा दाखला होता, मालकीचं प्रमाणपत्र नव्हतं. 2017 पासून तिथल्या सरकारने गावंच्या गावं मोजून प्रमाणपत्रं देण्याची मोहीम धरली. कारखाना आधी आणि कागद नंतर, असा तो क्रम होता. बारामती-इंदापुरातही फार वेगळं घडलेलं नाही.

या दोन तालुक्यांनी जमीन जाताना अनेकदा पाहिली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि कालव्याखालचं रान बागायत झालं. ऊस आला, गुऱ्हाळं आली, पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी कारखाने आले. कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंदांनी साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर वसलं. साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या होत्या. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांची ही जमीन सरकारकडे गेली आणि 1963 मध्ये स्थापन झालेलं शेती महामंडळ ती कसू लागलं. मूळ मालक मात्र ‘खंडकरी’ म्हणून पिढ्यान्पिढ्या मोर्चे काढत राहिले. जमीन प्रत्यक्ष परत मिळू लागली ती 2012 च्या सुमारास. ती हाती आली तीसुद्धा भोगवटादार वर्ग 2 म्हणून, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी. वर्ग 1 करण्यासाठी पुन्हा पाठपुरावा करावा लागला. पलीकडे उजनी धरणाच्या पाण्यात जुनं पळसदेव गेलं. पाणी उतरलं की तिथलं देऊळ आजही उघडं पडतं.

त्यानंतर आली एमआयडीसी. बारामतीच्या जिरायत पट्ट्यात, कटफळच्या बाजूला पियाजिओ, भारत फोर्ज, फेरेरो आले. रुई, तांदूळवाडी, जळोची ही गावं बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आली. इंदापुरात लोणी देवकरला वसाहत झाली. आणि अलीकडे पाटसहून बारामती, इंदापूरमार्गे पंढरीकडे जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग आला. काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या वाटेवरच्या शेतकऱ्यांच्या हाती भूसंपादनाच्या नोटिसा पडल्या. कुसळं उगवणाऱ्या माळाला भाव आला याचं कुणाला वाईट वाटावं? मुलांना गावाजवळ काम मिळालं, मुली कारखान्यात पाळीवर जाऊ लागल्या, दुधाला आणि खोल्यांना गिऱ्हाईक मिळालं. तक्रार कारखान्यांबद्दल नाही. या सगळ्यात घरातल्या कुणाच्या वाट्याला काय आलं, हे तपासायला हवं, आणि ते सातबाऱ्यावरच तपासता येतं.

मोबदल्याचा हिशेब आधी समजून घेऊ, कारण चावडीवर त्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. एमआयडीसीचं भूसंपादन 1961 च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाखाली होतं. कलम 32 (2) ची नोटीस आली की हरकत घ्यायची ती तेव्हाच. 32 (1) ची अधिसूचना निघाली की जमीन शासनाची होते. दर वाटाघाटीने ठरू शकतो. 2018 मध्ये राज्याने दुरुस्ती करून 2013 च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यातला मोबदल्याचा हिशेब या संपादनालाही लागू केला. त्यात आसपासच्या तशाच जमिनींची मागच्या तीन वर्षांतली नोंदणीकृत खरेदीखतं काढतात, त्यांतल्या चढ्या किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी घेतात आणि रेडीरेकनरशी ताडून जो दर जास्त तो धरतात. ग्रामीण भागात त्याला दोनपर्यंत गुणक लागतो आणि वर तेवढीच दिलासा रक्कम मिळते. ‘चौपट मोबदला’ म्हणतात तो हा.

आता हे गावच्या रिवाजाशी जोडून पाहा. मुद्रांक शुल्क वाचावं म्हणून वीस लाखांचा व्यवहार खतावर दहा लाखांचा दाखवायचा आणि उरलेली रक्कम रोखीने घ्यायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. त्यात एकाचे काही हजार वाचतात. पण तीन वर्षांत संपादन आलं, तर तेच खत सगळ्या शिवाराच्या दराचा आधार होतं. दोनचा गुणक धरला तर अशा खतांमुळे दरातून घटलेल्या प्रत्येक लाखामागे चार लाख बुडतात, आणि ते विकणाऱ्याचे नसतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे असतात. विहिरीचंही तसंच. विहीर, पाइपलाइन, डाळिंबाची झाडं यांची किंमत वेगळी मिळते. पण विहिरीची नोंद सातबाऱ्यावर नसली आणि पीकपाहणीत बाग लागलेली नसली, तर पंचनाम्याच्या दिवशी तोंडाने कितीही सांगून उपयोग नसतो.

जुन्या एकत्र कुटुंबाचा सातबारा एकदा नीट वाचून पाहा. वर नाव थोरल्या भावाचं, पुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. धाकट्यांची नावं कुठेच नाहीत. तोंडी वाटप झालेलं, बांध घातलेले, प्रत्येक जण आपापलं रान कसतोय. उताऱ्यावर मात्र सगळं सामाईक. ‘इतर अधिकार’च्या रकान्यात सोसायटीचा बोजा, तो कधीच फिटलेला आणि कधीच न उतरवलेला. आणि खातेदारांत दोन नावं अशी, ज्यांचं वर्षश्राद्ध होऊन जमाना झाला. राज्यभर 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम घ्यावी लागली ती यामुळेच. नोटीस निघते ती कागदावरच्या माणसाच्या नावे. वारसांत वाद असला की रक्कम हातात येण्याऐवजी प्राधिकरणात जमा होते आणि भाऊबंदकी तारखा मोजत बसते.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त टोचते ती बहिणीची गोष्ट. 1994 मध्ये, बारामतीचेच शरद पवार मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा देणारी दुरुस्ती केली. तिचा लाभ तेव्हा अविवाहित मुलींपुरता होता. 2005 मध्ये केंद्राने देशभर तसा कायदा केला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की वडील 2005 मध्ये हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. कायद्यात आता संदिग्ध काही उरलेलं नाही. तरीही एमआयडीसीची किंवा रस्त्याची चर्चा सुरू झाली की भाऊ बहिणीच्या सासरी जातात, सोबत हक्कसोडपत्र तयार असतं. “ताई, फक्त सही कर, तुझं माहेर कुठं जातंय?” ती सही करते. माळरान असताना तिला कुणी सही मागितली नव्हती. भाव आला तेव्हा मागितली. स्वखुशीने कुणी हक्क सोडला तर तो तिचा अधिकार. पण रक्कम किती येणार हे तिला सांगितलेलं नसेल, तर त्या सहीला स्वखुशी म्हणता येणार नाही. भावांनी निदान आकडा तरी सांगावा.

रानाइतकंच महत्त्व आता घराला आलं आहे. वसाहतीजवळच्या गावांत परप्रांतातून आलेल्या कामगारांसाठी खोल्या निघाल्या, जनावरांच्या गोठ्यावर पत्रा टाकूनही निघाल्या. पण गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. बहुतेकांकडे असतो ग्रामपंचायतीचा नमुना 8, तो करआकारणीचा. त्यावर बँक कर्ज द्यायला कचरते. इथे करावांगच्या गिरिकची आठवण होते. ड्रोनने गावठाण मोजण्याचा पहिला प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला आणि 2020 मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. तिच्यात घराची मिळकत पत्रिका आणि सनद मिळते. ज्यांच्या गावी मोजणी झाली त्यांनी पत्रिकेवरचं क्षेत्र आणि नावं तपासली का? बोळ कुणाच्या नावावर लागली, मागचा परसू कुणाकडे गेला, हे आत्ताच पाहायला हवं.

गावठाणाबाहेर, रानात एक-दोन गुंठे घेऊन खोल्या बांधणाऱ्यांनी आणखी जपावं. 1947 चा तुकडेबंदी कायदा अशा खरेदीच्या आड येत आला आहे. 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे झालं, 2025 मध्ये शिथिलतेची घोषणा झाली. पण नुसत्या नोटरी केलेल्या साठेखताने मालकी येत नाही, हे घोषणेने बदललेलं नाही.

तेव्हा एवढं करा. आपल्या प्रत्येक गटाचा सातबारा आणि 8अ काढा. मयतांचे वारस लावून घ्या, बहिणी आणि आईसह. फिटलेला बोजा उतरवा, विहीर आणि बाग नोंदवा, वाटप झालं असेल तर तहसीलदारांकडून जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली ते कागदावर आणा. सगळीच जमीन जाणार असेल तर शेतकरी असल्याचा पुरावा आधीच जपून ठेवा. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला तो लागतो. आणि एजंटाने पुढे केलेल्या कुलमुखत्यारपत्रावर घरातल्या सगळ्यांनी वाचल्याशिवाय सही करू नका. नोटिशीनंतर हरकतीला मुदत थोडी असते. फेरफार मंजूर व्हायला त्याहून जास्त दिवस लागतात.