गायरानावर विजेचे शेत

(इयत्ता सातवी)

वर्गमित्रांनो आणि शाळेत आलेल्या पालकांनो, आपल्या गायरानात दिवाळीनंतर लाल फडक्याच्या खुंट्या ठोकल्या आहेत. त्या सर्वांनी पाहिल्या असतील. कोणी म्हणते तिथे साखर कारखाना होणार, कोणी म्हणते विमानतळ होणार. (विमानतळ तर मुळीच नाही.) तिथे उन्हापासून वीज तयार करण्याचा सौर प्रकल्प करायचे चालले आहे. तो ४ मेगावॉटचा आहे आणि त्याला २० एकर जागा लागणार आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय निघणार आहे. म्हणून मी ग्रामपंचायतीत व उपकेंद्रात विचारून आणि गुरुजींच्या मदतीने माहिती गोळा केली, ती येथे देत आहे.

हे शेत चालते कसे, ते आधी सांगतो. सोलरची प्लेट वरून काचेची दिसते. काचेखाली सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात, त्यांना सौरघट म्हणतात. सिलिकॉन वाळूतल्या द्रव्यापासून काढतात. घटावर उजेड पडला की वीज वाहू लागते. पण एका घटाचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट, म्हणजे रेडिओच्या सेलच्या एक तृतीयांश! म्हणून पुष्कळ घट जोडून एक प्लेट करतात आणि अशा हजारो प्लेटा ओळीने मांडतात. ही वीज एकाच दिशेने वाहते. पुस्तकात तिला दिष्ट धारा म्हटले आहे. आपल्या विहिरीवरच्या मोटरी प्रत्यावर्ती धारेवर चालतात, म्हणून मध्ये इन्व्हर्टर नावाचे यंत्र बसवून धारा बदलून घेतात. पुढे रोहित्र तिचा दाब ११,००० व्होल्टपर्यंत चढवते आणि वीज तारेने उपकेंद्रात जाते. तेथून ती शेतीच्या फीडरवर सोडतात. यात काही जळत नाही, त्यामुळे धूर नाही.

आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेच्या बाजूने जातो, म्हणून प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून तिरक्या बसवतात. एका ओळीची सावली दुसरीवर पडू नये म्हणून मध्ये जागा सोडतात. त्यामुळेच १ मेगावॉटला चार-पाच एकर जमीन जाते. एक गंमत सांगतो. प्लेटला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. मे महिन्यात प्लेट फार तापली की वीज उलट थोडी कमी होते. धूळ बसली तरी कमी होते, म्हणून प्लेटा धुवाव्या लागतात. प्लेटांमुळे पाऊस पळतो असे पारावर बोलतात, त्यात काही तथ्य नाही.

आता ही वीज आपल्याला कशाला? ती आहे मोटरीसाठी. शेतीला थ्री फेज लाईट पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की आमचे आबा जेवून बॅटरी घेऊन निघतात. आई त्यांना गमबूट घालायला लावते. मागच्या थंडीत गहू भिजवताना शेजारच्या अण्णांना घोणस चावली. ते वाचले, पण त्यांचा पाय अजून सुजतो आणि ते काठी घेऊन चालतात. आबा म्हणतात, "दिवसा लाईट द्या, मग निम्मं दुखणं गेलं म्हना. उजेडात दारं धरायला काय, बारकं पोरगंबी धरंल." शिवाय रात्री सगळ्यांच्या मोटरी ऑटोस्विचवर असतात. लाईट आली की सगळ्या एकदम उठतात आणि डीपी जळते. मग आठ-आठ दिवस कोणालाच पाणी नाही.

गुरुजींनी फळ्यावर गणित करून दाखवले. १ मेगावॉट म्हणजे १,००० किलोवॉट. ५ अश्वशक्तीच्या मोटरीला सुमारे पावणेचार किलोवॉट धरले तर १ मेगावॉटवर एका वेळी २६६ मोटरी चालतील. मोटर थोडी जास्त ओढते, तारेतही काही वीज जाते, म्हणून २०० धरा. आपल्या ४ मेगावॉटवर भर उन्हात ८०० होतात. आपल्या फीडरवर एवढ्या मोटरी नाहीतच! पावसाळ्यात ढग येतील तेव्हा वीज कमी होईल, पण तेव्हा मोटरीही बंदच असतात.

या योजनेचे नाव मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. ती २०१७ मध्ये सुरू झाली आणि पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अगदी आधी प्रयोग झाला. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा निघाला. त्यातला पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगावला चालू झाला, तो ३ मेगावॉटचा आहे. दुसऱ्या टप्प्यात राज्यात मिळून १६,००० मेगावॉट करायचे ठरले. भागाकार करून पाहा, आपल्यासारखी ४,००० गावे होतात.

इथपर्यंत सगळे चांगलेच आहे. मलाही हा प्रकल्प हवा आहे. पण जमिनीचा हिशेब मी दोनदा विचारून घेतला, तो नीट वाचा.

शेतकऱ्याने स्वतःची जमीन प्रकल्पाला दिली तर त्याला एका हेक्टरला वर्षाला किमान १,२५,००० रुपये भाडे मिळते, म्हणजे एकरी सुमारे ५०,०००. त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. सरकारी जमीन मात्र नाममात्र १ रुपया भाड्याने देतात. गायरान सरकारी जमिनीत येते. त्याबद्दल ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख रुपये मिळतात, तेही ३ वर्षे. म्हणजे १५ लाख झाले की संपले. हीच २० एकर कोणाची खासगी असती तर वर्षाला १० लाख भाडे आले असते, आणि ते पंचवीस वर्षे! तलाठी भाऊसाहेब म्हणाले, "अरे बाळा, जमीन सरकारची, योजना सरकारची. सरकारनं सरकारला भाडं कशाला द्यायचं?" त्यांचे म्हणणे कागदावर बरोबर असेल. पण गायरानात सरकारच्या शेळ्या चरत नाहीत.

आमच्या गल्लीत अकरा घरे आहेत. त्यांतील चार घरांना जमीन नाही, आणि चारही घरांत शेळ्या आहेत. या लोकांना दिवसा लाईट मिळून उपयोग काय? त्यांना विहीरच नाही. कोपऱ्यावरच्या आत्याबाई मला म्हणाल्या, "तुमच्या मोटरीला लाईट यावी, माझी ना नाही. पन माझ्या शेरडांनी काय प्लेटा चाटायच्या?" त्यांच्या मुलीची दहावीची फी, वह्या, सगळे शेळ्या विकून होते.

याहून कितीतरी मोठे सौर शेत कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात पावगडा येथे आहे. २०१८ मध्ये ते चालू होऊ लागले. पाच गावांच्या सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटच्या प्लेटा आहेत. तो मुलूख दुष्काळी. तेथे जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली. एकरी वर्षाला २१,००० रुपये, शिवाय ठरलेली वाढ. ज्यांची जमीन होती त्यांना पाऊस पडो न पडो, पैसे येऊ लागले. ज्यांची नव्हती, त्यांची भुईमुगाची मजुरी बुडाली आणि जनावरांची चराईही गेली. प्लेटा उभ्या करताना खूप माणसे लागतात, पण नंतर फक्त राखणदार, धुणारे आणि थोडे कामगार पुरतात. आपल्याकडेही तेच होणार.

यावर तोड निघू शकते. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेने प्लेटांच्या ओळींमध्ये मूग व मटकी पिकवून पाहिली आहे. परदेशात काही ठिकाणी प्लेटांखालचे गवत मेंढ्यांकडून चारवून घेतात. शेळी मात्र उड्या मारते आणि वायरी कुरतडते, हे मी आमच्याच शेळीवरून सांगतो. पण गवत कापून आणायला काय हरकत आहे?

ग्रामसभेत हात वर करण्याचे वय १८ आहे, म्हणून माझे प्रश्न पालकांसाठी येथे लिहितो. गायरानाऐवजी रस्त्याकडेची पडीक खासगी जमीन भाड्याने घेतली तर चालेल का? १५ लाख कशावर खर्च होणार, आणि त्यातून शेळ्यावाल्यांना काय? आतले गवत कापायची परवानगी लेखी मिळेल का? राखणदाराची कामे जमीन नसलेल्या घरांना मिळतील का? प्लेटा धुवायचे पाणी कोणत्या विहिरीतून उपसणार? आणि गुरांची ओढ्याला जायची वाट गायरानातूनच आहे. तारेचे कुंपण पडल्यावर ती कोणीकडून काढणार? खुंट्या तर वाटेच्या दोन्ही बाजूंना ठोकल्या आहेत.