किटणात दडलेली हळद

करपलेलं धान्य टिकतं. चुलीत पडलेला जवाचा दाणा कोळसा होतो, पण हजारो वर्षं आकार सोडत नाही. हळकुंडाचं तसं नाही. ते मातीत कुजून जातं. त्यामुळे सिंधू संस्कृतीतल्या माणसांच्या ताटात अभ्यासकांना दिसायचं ते मुख्यतः धान्य. फोडणीचं, मसाल्याचं काय?

हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यातल्या फरमाणा या सिंधू संस्कृतीच्या स्थळी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं. घरं निघाली, मोठं दफनस्थळ निघालं. अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर या दोघा अभ्यासकांची नजर मात्र खापरांवर, दगडी अवजारांवर आणि सांगाड्यांच्या दातांवर होती. त्यांना हवं होतं स्टार्च, आपण कपड्यांना घालतो त्या खळीतलं.

वनस्पती ते सूक्ष्म कणांत साठवते, आणि कणांच्या घडणीवरून बऱ्याचदा वनस्पती ओळखू येते. ध्रुवित प्रकाशात कणावर काळी फुली उमटते. हळद-आल्याच्या चपट्या कणांत ती मधोमध नसते, एका टोकाला सरकलेली असते. दातांवरचं कीटण दगडासारखं घट्ट होतं, तेव्हा असे कण त्यात कोंडले जातात. दात न घासण्याचा एवढा फायदा दुसऱ्या कुणाला झाला नसेल!

पण काम नाजूक. हातमोज्यांच्या पावडरीतही मक्याचं स्टार्च असू शकतं. तेच पुरातन म्हणून गळ्यात पडायचं. शिवाय शिजल्यावर कण फुगतात, फुटतात. कच्च्या नमुन्यांशी मग त्यांचा मेळ कसा घालायचा? कश्यप थेट स्वयंपाकालाच लागल्या. वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरमध्ये भारतीय पदार्थ रांधायचे, आणि उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली! शिजलेल्या कणांचं रूप असं हाती आलं.

आता मेळ बसला. इ.स.पू. २५०० ते २२०० दरम्यानच्या हंडीत हळद आणि आलं. माणसाच्या दातांतही तेच. वांग्याचाही माग लागला. २०१० साली हे प्रसिद्ध झालं आणि पुढे बातम्यांनी त्याला ‘पहिली करी’ करून टाकलं. एका हंडीतल्या कणांवरून पाककृती लिहिणं मला तरी घाईचं वाटतं. हळद-आलं शिजत होतं, एवढं पक्कं.

हडप्पातल्या गाईंच्या दातांतही असेच कण निघाले. गाय कशाला हळद खाईल? वेबर यांनी बोट दाखवलं ते आजच्या दारांकडे, जिथे उरलंसुरलं अजून गाईपुढेच ठेवतात.