गॉलमच्या कातडीखालचा माणूस

संगणकावर तयार केलेली पात्रे खोटी असतात, त्यांच्यात जीव नसतो, असे सांगणारे मित्र आम्हाला नेहमी भेटतात. 'तुम्ही चळवळीची माणसे, आणि माकडे, भुते, परग्रहवासी कसले बघत बसता?' असा टोमणाही अधूनमधून कानावर येतो. आम्ही तो हसून घेतो. विज्ञानपटांचे आणि अद्‌भुत चित्रपटांचे आम्ही जुने चाहते आहोत आणि हे लपवण्याचे काही कारण नाही. मात्र चाहता म्हणजे भक्त नव्हे. चाहत्याला स्वतःचे मत असते आणि वेळ आली की ते रोखठोक मांडायचे असते. आमचे मत असे की, संगणकावरचे पात्र जिवंत होते ते त्याच्या मागे उभ्या असलेल्या हाडामांसाच्या माणसांमुळे. त्या माणसांची नावे पुसली जातात, हा या झगमगाटी धंद्यातला सर्वात मोठा अन्याय आहे.

थोडे मागे जाऊ. स्पीलबर्गचा 'ज्युरासिक पार्क' १९९३ साली आला आणि १९९४ मध्ये हिंदीत डब होऊन आपल्याकडे लागला. इंग्रजीचा गंध नसलेल्या माणसांनीही तो तिकीट काढून पाहिला. त्या दोन तासांच्या चित्रपटात डायनासोर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटे. त्यातली संगणकाची करामत सहा मिनिटांच्या आसपास, बाकीचे काम यंत्रावर हलणाऱ्या पुतळ्यांचे. तरीही प्रेक्षक खुर्चीला खिळला. पण डायनासोर हा जनावर. त्याने धावायचे, डरकाळी फोडायची, माणसाला गिळायचे. त्याच्या मनात काय चालले आहे, हे कुणी विचारत नव्हते.

खरी कसोटी लागली ती संगणकाने माणसाचा चेहरा घडवायला घेतला तेव्हा. २००१ साली 'फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन' हा चित्रपट आला. त्यातली सगळी माणसे संगणकावर घडवलेली होती. नायिकेच्या डोक्यावर साठ हजार केस आणि प्रत्येक केसाची हालचाल मोजलेली! केस हुबेहूब, कातडी हुबेहूब, फक्त डोळे मेलेले. चित्रपट आपटला आणि तो काढणारा स्टुडिओही बंद पडला. मसाहिरो मोरी या जपानी शास्त्रज्ञाने १९७० सालीच हे ओळखले होते. कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तसतशी ती आपल्याला आवडू लागते; पण ती जवळजवळ माणूस झाली, आणि अगदी थोडे कमी राहिले, की एकाएकी किळस येते. केस मोजून माणूस उभा राहत नाही, हे त्या चित्रपटाने कोट्यवधी डॉलर घालवून शिकवले.

त्याआधी, १९९९ साली, 'स्टार वॉर्स'च्या 'द फँटम मेनेस' या भागात जार जार बिंक्स अवतरला. लांब कान, धडपडणारे पाय, बोबडे बोल. पूर्ण लांबीच्या प्रमुख भूमिकेत संगणकावरचे पात्र आणि त्याच्या मागे प्रत्यक्ष हालचाल करणारा नट, असा हा मोठा प्रयोग होता. जगभरच्या चाहत्यांनी या पात्राला झोडपून काढले. हा तर अमेरिकी पडद्यावरच्या जुन्या, कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या विदूषकाचाच नवा अवतार, असे अनेक समीक्षकांनी लिहिले. दिग्दर्शक जॉर्ज लुकासने तो आरोप फेटाळला. पात्र लिहिले लुकासने, त्याच्या तोंडी ती भाषा घातली लुकासने. पण शिव्या कुणाच्या वाट्याला आल्या? अहमद बेस्ट या पंचविशीतल्या कृष्णवर्णीय नटाच्या. चित्रपटात त्याचा चेहराही दिसत नव्हता. त्या हेटाळणीने आपण जीव देण्याच्या विचारापर्यंत गेलो होतो, हे त्याने २०१८ साली जाहीरपणे सांगितले.

वाचकहो, येथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. जार जारची टवाळी करणाऱ्यांत आम्हीही होतो. मित्रमंडळीत त्याची नक्कल करून हशा मिळवला होता. पडद्यावर नुसते 'ग्राफिक्स' आहे, त्याला काय लागते, असे वाटले होते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टिंगल सोसली त्यांच्या घरात जन्मलेल्या आम्हाला हे तेव्हा कळू नये, याची आज लाज वाटते. २०२३ साली 'द मँडलोरियन' या मालिकेत अहमद बेस्ट परत आला, या वेळी स्वतःच्या चेहऱ्याने, एका लहानग्याचा जीव वाचवणारा योद्धा म्हणून. ते दृश्य आम्ही दोनदा पाहिले.

आता गॉलमकडे येऊ. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा भाग, 'द टू टॉवर्स', २००२ सालचा. दिग्दर्शक पीटर जॅक्सन, आणि संगणकाचे काम न्यूझीलंडच्या वेटा डिजिटलचे. अँडी सर्किस या नटाला आधी केवळ आवाजासाठी बोलावले होते. पण तो आवाज काढताना त्याचे अख्खे शरीर आवळून येई. ते पाहून जॅक्सनने त्याला थेट चित्रीकरणात उतरवले. घट्ट कपडे घालून तो खडकांवर, पाण्यात, चिखलात इतर नटांबरोबर रांगला. पुढे तीच हालचाल स्टुडिओत यंत्रांनी टिपली. चेहऱ्यावरचे भाव मात्र अ‍ॅनिमेटरांनी त्याच्या चित्रफिती समोर ठेवून हाताने घडवले. गॉलमचा मूळ आराखडाही सर्किसच्या चेहऱ्याला जुळेल असा बदलला. कातडीवर पडलेला प्रकाश थोडा आत मुरतो, पसरतो आणि मग बाहेर येतो. हे गणित संगणकात बसवल्यावर गॉलमची त्वचा प्लास्टिकची वाटेनाशी झाली.

गॉलम रात्री स्वतःशीच भांडतो तो प्रसंग आठवा. एका देहात दोन माणसे. एक लोभाने सडलेला, दुसरा चांगले जगू पाहणारा. चेहरा तोच, पण कोण बोलतो आहे हे शब्द न कळताही समजते. हे संगणकाला सुचलेले नाही. एका नटाने ते भोगले आणि शेकडो कारागिरांनी ते पडद्यावर उतरवले. २००६ च्या 'डेड मॅन्स चेस्ट'मधला डेव्ही जोन्स तसाच. दाढीच्या जागी ऑक्टोपसचे वळवळणारे पाय असलेला हा खलाशी! त्याचे डोळे तरी बिल नाय या नटाचे असतील, बाकी रंगभूषा, अशी अनेकांची समजूत झाली. प्रत्यक्षात डोळेही संगणकाचेच होते. त्यांतले दुःख तेवढे नटाचे.

पण आम्हाला सर्वात जवळचा वाटतो तो सीझर. २०११ च्या 'राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स'मध्ये माणसाच्या घरात वाढलेला हा वानर पिंजऱ्यात टाकला जातो. राखणदार त्याला विजेच्या दांड्याने मारतो. एके दिवशी सीझर तो उगारलेला हात धरतो आणि आयुष्यातला पहिला शब्द उच्चारतो : 'नाही!' त्या एका शब्दाने चित्रपटगृह स्तब्ध होते. चळवळीतल्या माणसाला या शब्दाची किंमत वेगळी सांगायला नको. हा सीझरही अँडी सर्किसच. पुढे २०१४ आणि २०१७ सालच्या भागांतही तोच. तिन्ही चित्रपटांना दृश्य-परिणामांसाठी ऑस्करचे नामांकन होते, तिन्ही वेळा पुरस्कार दुसऱ्याला गेला. आणि सर्किसच्या अभिनयाला तर गॉलमसाठी नाही, सीझरसाठी नाही, साधे नामांकनही मिळाले नाही. 'द एलिफंट मॅन'मध्ये रंगभूषेच्या थराखाली ओळखूही न येणाऱ्या जॉन हर्टला उत्कृष्ट अभिनेत्याचे नामांकन मिळू शकते, मग संगणकाच्या थराखालचा नट नट का नाही, याचे पटणारे उत्तर आम्ही अजून ऐकलेले नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संगणकाचे काम म्हणजे 'डिजिटल रंगभूषा' असे सर्किस बोलून गेला, तेव्हा अ‍ॅनिमेटर चिडले. त्यांचा राग योग्यच होता. नटाची मान जिथे वळली तिथून वानराची मान वेगळी वळते. ओठ, भुवया, बोटे पुन्हा घडवावी लागतात. हे नुसते रंग फासणे नव्हे. नटाचे श्रेय कंपनीने गिळू नये, तसेच कारागिराचे श्रेय नटाने गिळू नये.

आणखी एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटत नाही. 'अवतार'मधली निळी नेयतिरी म्हणजे झोई सॅल्डाना. २०१५ च्या 'द फोर्स अवेकन्स'मधली चष्मेवाली म्हातारी माझ कनाटा म्हणजे लुपिटा न्योंगो, आदल्याच वर्षी ऑस्कर मिळवलेली. जार जार म्हणजे अहमद बेस्ट. कृष्णवर्णीय कलावंत इतक्या वेळा निळ्या किंवा केशरी कातडीआडच का सापडतात? त्या भूमिका उत्तम झाल्या, याबद्दल वाद नाही. पण सॅल्डानाला ऑस्कर मिळाले ते २०२५ साली, 'एमिलिया पेरेझ'साठी, स्वतःचा चेहरा दिसला तेव्हा.

आता आपल्या दाराशी येणारा प्रसंग. 'लाइफ ऑफ पाय' २०१२ सालचा. नावेतला रिचर्ड पार्कर हा वाघ बहुतांश संगणकावर घडवलेला. सूरज शर्मा हा दिल्लीचा पोरगा तैवानमधल्या पाण्याच्या टाकीत, समोर वाघ नसताना, वाघाला घाबरत होता. वाघाचे मुख्य काम ऱ्हिदम अँड ह्यूज या अमेरिकी कंपनीचे. तिच्या शाखा मुंबईत आणि हैदराबादेतही होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले आणि शेकडोंची नोकरी गेली. त्याच महिन्यात २४ तारखेला या चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले, त्यांत दृश्य-परिणामांचेही एक होते. आत सोहळा चालू असताना बाहेर रस्त्यावर शेकडो कारागीर निदर्शने करत उभे होते. पुरस्कार घेणाऱ्या बिल वेस्टनहोफरने व्यासपीठावरून कंपनीच्या हलाखीचा विषय काढताच वर संगीत वाजवले गेले आणि त्याचा माइक बंद झाला. संगीत कोणते? 'जॉज'चे, माणूस गिळणाऱ्या माशाचे!

हे असे का होते? काम उक्ते घेतलेले असते. ठरलेल्या रकमेत दिग्दर्शक दहा वेळा बदल सांगतो, जादा रात्री कारागिराच्या माथी. ज्या देशाचे सरकार जास्त सवलत देईल तिकडे स्टुडिओ काम वळवतो. बांधकामावरच्या मुकादमी पद्धतीत आणि यात आम्हाला फारसा फरक दिसत नाही. इमारतीवर नाव मालकाचे, विटा वाहणाऱ्याचे नाही.

आणि आता तर माणूसच नको, असा विचार बळावतो आहे. पीटर कुशिंग हा नट १९९४ साली वारला. २०१६ च्या 'रोग वन'मध्ये संगणकाने त्याला पुन्हा उभे केले. देह गाय हेन्री या दुसऱ्या नटाचा, चेहरा मृताचा. आम्हाला ते दृश्य पाहताना त्या मेलेल्या डोळ्यांचीच आठवण झाली. २०२३ साली अमेरिकेतल्या नट-नट्यांनी ११८ दिवस संप केला. आपली डिजिटल प्रतिकृती आपल्या संमतीवाचून आणि मोबदल्यावाचून वापरू नये, ही त्यातली एक मोठी मागणी होती. संघटित झाले म्हणून करारात संमती आणि मोबदल्याची कलमे आली. संगणकापुढे रात्र काढणाऱ्या कारागिराच्या मागे मात्र तेवढे बळ अजून नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे. ही पात्रे जरूर पाहा, मुलांना दाखवा, त्यांच्यावर प्रेम करा. पण शेवटी नावांची पाटी सुरू झाली की लगेच उठू नका. तेथे बारीक अक्षरांत शेकडो नावे वर सरकत जातात. थोडा वेळ बसा आणि त्यांतली दहा तरी वाचा. गॉलमच्या, सीझरच्या आणि त्या वाघाच्या कातडीखाली तीच माणसे आहेत.