देवद्रव्य, गुप्तदान आणि करमुक्ती

मार्चअखेर जवळ आला की छत्रपती संभाजीनगरातील अनेक जैन व्यापारी घरांत दोन हिशेब एकाच वेळी उघडले जातात. एक गुलमंडीवरच्या दुकानाचा किंवा जाधववाडीतल्या आडतीचा, दुसरा मंदिराच्या ट्रस्टचा. कारण दुकानाचे मालकच पुष्कळदा ट्रस्टचे कोषाध्यक्षही असतात. पहिल्या हिशेबात प्रत्येक रुपयामागे कराचा विचार आहे. दुसऱ्यात भांडार, बोली आणि जीवदया यांच्या रकमा आहेत व त्यांवर सहसा आयकर नाही. घरातल्या तरुण मुलाने 'हे असे का?' म्हणून विचारले, तर 'धर्माचा पैसा आहे' एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होत नाही, आणि होऊही नये.

या भूमीत हा प्रश्न फार जुना आहे. पैठण ही ज्यांची राजधानी, त्या सातवाहनांपैकी गौतमीपुत्र सातकर्णीने नाशिकच्या लेण्यांतील भिक्षूंना शेतजमीन दिली. तिथला शिलालेख आजही वाचता येतो. त्या जमिनीत राजसेवकांनी शिरू नये, मिठासाठी ती खणू नये, तिला सर्व प्रकारची सूट असावी, असे त्यात म्हटले आहे. पण त्याच लेखात या सवलतींची नोंद करण्याचीही आज्ञा आहे. सूट आणि दप्तर ही जोडी तेव्हापासूनची आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

स्वतंत्र भारतात या प्रश्नाला तोंड फोडणाऱ्यांत एक जैनच होते. मुंबई राज्याने १९५० साली सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा केला. महाराष्ट्रातील ट्रस्टची नोंदणी आजही त्याच कायद्याखाली होते. ट्रस्टच्या उत्पन्नातून काही भाग वर्गणी म्हणून सरकारी प्रशासन निधीत भरावा, अशी त्यात तरतूद होती. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी यांनी या कायद्याला आव्हान दिले. मार्च १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ही वर्गणी कर नसून देखरेखीच्या सेवेचे शुल्क आहे आणि ते घेण्यात धर्मस्वातंत्र्याचा भंग होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. इथे गांधी हरले. परंतु एका धर्मकार्यासाठी दिलेला पैसा त्या पंथाच्या श्रद्धेविरुद्ध दुसऱ्याच कामाकडे वळविण्याची मुभा देणारी तरतूद न्यायालयाने टिकू दिली नाही. मंदिराच्या विश्वस्तपदी धर्मादाय आयुक्तांना नेमण्याचा अधिकारही रद्द झाला. देवद्रव्य अन्य कामी वापरू नये, ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेलेली मर्यादा. तिला घटनेचे संरक्षण मिळाले ते याच खटल्यात. पैशाची बाजू गेली, देवद्रव्याची राहिली. विश्वस्ताच्या दृष्टीने हा सौदा तोट्याचा म्हणता येणार नाही.

आज मिळणारी आयकराची सूटही बिनशर्त नाही. नोंदणी हवी, ठरावीक मर्यादेवर लेखापरीक्षण हवे, उत्पन्नातील सामान्यतः ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवी आणि विश्वस्तांच्या घरात त्यातला लाभ जाता कामा नये. १९६१ च्या आयकर कायद्यानंतर स्थापन झालेला धर्मादाय ट्रस्ट केवळ एकाच धर्मसमाजाच्या हितासाठी असेल, तर त्याची सूट जाते. 'फक्त आपल्या मुलांसाठी' वसतिगृह काढू पाहणाऱ्यांनी हे आधी तपासावे. महापालिकेच्या मालमत्ता करातही केवळ सार्वजनिक पूजेसाठी वापरल्या जाणाऱ्या वास्तूला सर्वसाधारण कर माफ आहे, पाणीपट्टीसारख्या आकारण्या त्या माफीत येत नाहीत. आवारात दुकान चालत असेल, तर त्या भागाचा विचार वेगळा होतो. जीएसटीतही तसेच. नोंदणीकृत ट्रस्टच्या धर्मस्थळाच्या आवारातील खोलीचे भाडे दिवसाला १,००० रुपयांच्या आत असेल तर कर नाही. त्यापुढे यात्रेकरूच्या खोलीकडेही कायदा व्यवसाय म्हणून पाहतो. कचनेर किंवा पैठणसारख्या क्षेत्री साधी धर्मशाळा आणि वातानुकूलित यात्री निवास यांत कायद्याने असा फरक केला आहे. तो योग्यच म्हणावा लागेल. शेजारचा लॉजवाला कर भरतो आणि तोही याच शहराचा नागरिक आहे.

मग पूजेच्या पैशाला सूट का असावी? याचे सर्वांत बळकट उत्तर दुकानाच्या हिशेबातच आहे. केवळ धार्मिक ट्रस्टला दिलेल्या देणगीवर दात्याला सहसा आयकरात वजावट मिळत नाही. म्हणजे भांडारात पडलेल्या रुपयावर, दात्याच्या हिशेबात, कर आधीच भरून झालेला असतो. मंदिराला नफा वाटून घेणारा मालक नसतो. त्याच रुपयावर दुसऱ्यांदा कर घेण्याचे कारण नाही. पण हा सारा युक्तिवाद एका गृहीतावर उभा आहे: तो रुपया दुकानाच्या वहीतून आलेला असावा. वहीबाहेरची रोकड 'गुप्तदान' म्हणून भांडारात आली, किंवा धनादेशाने दिलेली देणगी मागच्या दाराने रोखीत परत गेली, तर सुटीचा आधारच कोसळतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम' हा शब्द खोट्या वजनमापांच्या शेजारी बसवला आहे. व्यापाऱ्याला तो पुरेसा बोलका आहे.

गुप्तदानाचा प्रश्न २०२५ साली पुन्हा ऐरणीवर आला. निनावी देणग्यांवर २००६ च्या वित्त कायद्याने ३० टक्के कर आणला, मात्र निव्वळ धार्मिक संस्था त्यातून वगळल्या. धार्मिक आणि धर्मादाय अशी दोन्ही कामे करणाऱ्या संस्थांनाही बहुतांशी सूट होती. अपवाद फक्त शाळा वा रुग्णालयासाठी म्हणून दिलेल्या निनावी रकमेचा. फेब्रुवारी २०२५ मधील नव्या आयकर विधेयकाच्या मसुद्यात ही दुसरी सूट गळाली होती. मंदिर आणि दवाखाना एकाच नोंदणीखाली चालविणाऱ्या कितीतरी ट्रस्टना त्याची झळ पोहोचली असती. लोकसभेच्या प्रवर समितीने जुलैत ही बाब दाखवून दिली आणि ऑगस्टमध्ये संमत झालेल्या विधेयकात सूट परत आली. हा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे.

अपवाद मात्र कायम राहिला. दात्याचे नाव फलकावर नको असेल तर कायदा त्याच्या आड येत नाही. कायद्याला नाव-पत्ता फक्त ट्रस्टच्या वहीत हवा असतो. म्हणून मंदिराच्या दारात भांडाराशेजारी 'दवाखान्यासाठी' अशी दुसरी पेटी ठेवणाऱ्या विश्वस्तांनी ती वेगळी उघडावी, वेगळी मोजावी. त्या पेटीतल्या निनावी रकमा वर्षाच्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये यांपैकी जी मर्यादा मोठी असेल तिच्या वर गेल्या, तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. आणि तो भरण्यासाठी देवद्रव्याला हात लावता येत नाही.