बुजऱ्या कळपाशी वागताना

'ब्राह्मन' नावाचा बैल भारतातील कोणत्याही गुरांच्या बाजारात सापडणार नाही. या नावाची गोजात अमेरिकेत घडली. तिचे रक्त मात्र भारतीय आहे. गुजरातमधील गीर व कांकरेज, आंध्र प्रदेशातील ओंगोल आणि काही अंशी महाराष्ट्र-कर्नाटकातील कृष्णाकाठची जात या गुरांपासून ती तयार झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही गुरे भारतातून आणि १९२० नंतर ब्राझीलमधूनही अमेरिकेच्या दक्षिण भागात गेली. टेक्सास, लुइझियाना या उष्ण व दमट प्रदेशांत युरोपीय गुरे उन्हाने धापा टाकत आणि गोचिडांनी बेजार होत. वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी आणि सैल कातडी असलेल्या भारतीय गुरांना ते हवामान सहज मानवले. १९२४ साली तेथील पैदासकारांनी आपला संघ स्थापला आणि जातीला 'ब्राह्मन' हे नाव दिले. त्यातून तिच्या भारतीय मुळाची खूण पटते, स्वभावाची नव्हे.

पुढे युरोपीय जातींशी तिचा संकर करण्यात आला. शॉर्टहॉर्नबरोबरच्या संकरातून 'सांता गर्ट्रूडिस' ही जात निघाली, तर अँगसबरोबरच्या संकरातून 'ब्रँगस'. ऑस्ट्रेलियातही १९३३ मध्ये अमेरिकेतून ब्राह्मन गुरे नेण्यात आली आणि आज त्या देशाच्या उष्ण उत्तर भागातील कळपांत याच रक्ताचा भरणा मोठा आहे. ही सारी गुरे प्रामुख्याने मांसोत्पादनासाठी पाळली जातात. ती उन्हाला दबत नाहीत, निकृष्ट चाऱ्यावर तग धरतात. एक तक्रार मात्र त्यांच्याबद्दल सतत ऐकू येते : ती तापट आहेत, कुंपण तोडतात, माणसावर धावून जातात.

ही तक्रार निराधार नाही. सारखीच वागणूक मिळाली तरी ब्राह्मन संकराची गुरे युरोपीय गुरांपेक्षा लवकर बिथरतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. परंतु त्याच रक्ताची गीर गाय सौराष्ट्रात मालधारी कुटुंबाच्या दारात उभी असते आणि घरातील लहान मूलही तिला पाण्यावर नेते. हे कसे घडते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. मालधाऱ्याची गाय जन्मल्यापासून रोज माणसाचा हात आणि आवाज अनुभवते. उत्तर ऑस्ट्रेलियातील विस्तीर्ण कुरणांवर चरणाऱ्या गाईला माणूस वर्षातून एकदोनदाच भेटतो, तोही हेलिकॉप्टरने किंवा घोड्यावरून हाकायला आलेला. त्या भेटीत तिला मिळते ते डाग देणे, टोचणे आणि वासरापासून ताटातूट. ही गुरे तल्लख असतात. एकदा बसलेली भीती ती सहजासहजी विसरत नाहीत. हाच तल्लखपणा प्रेमळ वागणुकीलाही तितकाच प्रतिसाद देतो. माणसाळलेले ब्राह्मन जनावर खाजवून घेण्यासाठी आपण होऊन जवळ येते.

अशा कळपाशी वागताना पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती अंतराची. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य वर्तुळ असते. माणूस त्याच्या आत आला की जनावर दूर सरकते, बाहेर गेला की थांबते. दावणीच्या गाईभोवती हे वर्तुळ जवळजवळ नसतेच. मोकळ्या रानातील गुरांच्या बाबतीत ते तीस मीटरपर्यंतही पसरलेले असू शकते, आणि ब्राह्मन संकरात ते सामान्यतः मोठे असते. कसलेला गुराखी या वर्तुळाच्या काठावर वावरतो. किंचित आत शिरून तो जनावराला चालते करतो आणि ते चालू लागताच मागे सरतो. नवखा मनुष्य घाईने खोलवर घुसतो. पळायला वाट नसेल तर कोंडलेले जनावर त्याच्याच अंगावरून निघून जाते. अशा वेळी त्याला 'मारके' म्हटले जाते. वस्तुतः ते केवळ निसटू पाहत असते.

उभे कोठे राहायचे, यालाही महत्त्व आहे. खांद्याच्या मागे उभे राहिल्यास जनावर पुढे चालते, खांद्याच्या पुढे गेल्यास मागे हटते. गाईला आजूबाजूचे जवळजवळ सर्व दिसते, पण शेपटीमागचा भाग दिसत नाही. तेथून अचानक कोणी आले तर ती दचकते किंवा लाथ मारते. आरडाओरडा, लोखंडी फाटकाचा खणखणाट, कुंपणावर फडफडणारे कापड यांनीही कळप बिथरतो. बिथरलेली गुरे शांत व्हायला सुमारे अर्धा तास लागतो. तोवर काम थांबवलेले बरे. अर्धा तास वाया गेला असे वाटणाऱ्याचा पुढे अर्धा दिवस जातो.

ब्राह्मन रक्ताच्या गुरांची एक सवय विशेष जपण्याजोगी आहे. अति भयभीत झालेले जनावर कधी कधी अरुंद वाटेत मध्येच बसकण मारते आणि काही केल्या उठत नाही. त्याला हट्टी समजून विजेचे झटके देणे हा काही ठिकाणचा प्रघात. अशा वारंवार झटक्यांनी ते जागीच दगावू शकते. त्याला थोडा वेळ एकटे सोडले तर बहुधा ते आपण होऊन उठते. कळपापासून तुटलेले एकटे जनावर तर सर्वांत धोक्याचे. त्याच्यापाशी आवारात शिरण्याऐवजी दोनचार सोबती आत सोडावेत. नुकत्याच व्यालेल्या गाईजवळ जाताना तिच्या आणि वासराच्या मध्ये कधीही येऊ नये. एरवी शांत असलेली गायही तेव्हा धावून येते.

स्वभाव काही अंशी आनुवंशिकही असतो. १९८८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तो मोजण्याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली : खोड्यातून सोडलेले जनावर पहिले पावणेदोन मीटर अंतर किती वेगाने तोडते, हे यंत्राने टिपायचे. सावकाश निघणारे जनावर शांत, उसळून पळणारे बुजरे. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शांत गुरांचे वजन बिथरणाऱ्या गुरांपेक्षा रोज अधिक वाढत असल्याचे दिसले. म्हणून पैदाशीसाठी वळू निवडताना अनेक पशुपालक आता त्याचा स्वभावही पाहतात.

मात्र निवडीचे फळ दिसायला पिढ्या जातात. रोजच्या हाताळणीचे लवकर दिसते. दूध तोडल्यानंतरचे दिवस यासाठी सर्वांत उपयोगी. त्या काळात वासरांमधून रोज शांतपणे फिरावे, त्यांना फाटकातून सावकाश न्यावे-आणावे, खोड्याची वाट कसलाही त्रास न देता ओलांडू द्यावी. ही गुरे मागून हाकण्यापेक्षा पुढून नेलेली अधिक मानतात. उत्तर ऑस्ट्रेलियात तर रानातील कळप गोळा करताना काही माणसाळलेली, वयस्कर गुरे मुद्दाम सोबत ठेवतात. बुजरी गुरे आधी त्यांच्यात मिसळू देतात आणि सारी थोडी स्थिरावली की कळप हलवतात. जुनी गाय फाटकातून संथपणे आत शिरते आणि बाकीची तिच्यामागून चालू लागतात.