आंब्याच्या बुंध्याला श्वास घेऊ द्या

दक्षिण फ्लोरिडातली जमीन म्हणजे बरीचशी चुनखडी आणि वाळू. मे ते ऑक्टोबर धो धो पाऊस, पुढे कोरडे महिने. अशा ठिकाणी मोठ्या हौसेने लावलेल्या आंब्याला, शेवग्याला आच्छादन हवेच. ओल टिकते, तण दबते, माती तापत नाही.

फ्लोरिडा विद्यापीठाचा कृषी विभाग फळझाडांभोवती २ ते ६ इंच थर सुचवतो, पण बुंध्यापासून ८ ते १२ इंच जागा मोकळी ठेवून. नेमकी इथेच चूक गल्लोगल्ली दिसते: खोडाला टेकवून रचलेला भुशाचा ढीग. तो हाताने बाजूला करून पाहा. आतली साल ओली, काळपट, नखाने सुटणारी झालेली असते. तिथूनच खोड कुजायला लागते.

सायप्रस या झाडाचा भुसा घेऊ नका. त्यापायी पाणथळ जंगलं तुटतात. त्याऐवजी मेलॅल्युकाचा घ्या. एव्हरग्लेड्समध्ये माजलेलं हे ऑस्ट्रेलियन झाड तोडणं तिथे पुण्याचंच काम आहे! पाइनच्या सुया, अंगणातला पालापाचोळा तर फुकटच. ताजा लाकडी भुसा मातीत कालवू नका, नुसता वर पसरा. कालवला तर तो कुजताना मातीतलं नत्र खेचून घेतो.

उष्ण, दमट हवेत आच्छादन भराभर कुजतं. थर पातळ झाला की नवा घाला, मात्र आधी जुन्याची जाडी मोजा. पावसाळ्याआधी एकदा बुंध्याभोवती हात फिरवून जागा मोकळी करा.